हॉलर म्हणजे हाळी

‘जळकुकडी’ हा शब्द आमच्या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. मी एकुलती एक, घरात वाटेकरी कुणी नाही, तरी जळायला मला माणसं सापडायची. वर्गातल्या कुणाला नवी सायकल मिळाली की आमच्या बाईसाहेबांना ताप भरतो, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. साफ खोटं. ताप एकदाच भरला होता आणि तोही गालगुंडाचा. पण आता या वयात लिहायला बसलेच आहे तर सरळ लिहिते. आयुष्यात मी पुष्कळ जणींवर जळले, मैत्रिणींवर, नणंदेवर, अगदी स्वतःच्या सुनेच्या केसांवरसुद्धा. पण जिच्यावर सगळ्यांत जास्त जळले ती माझी सख्खी आई. आणि ते दागिन्यांवरून नाही की पपांच्या लाडावरून नाही. माझ्या इंग्लिशच्या टीचरवरून.

आम्ही तेव्हा खाणीच्या गावात राहायचो. सिडनीहून ट्रेनने डोंगर चढून पलीकडे उतरलं की एक लांबट दरी लागते. तिच्या तळाशी कोळशाची खाण, एक रस्ता, दोन पब, कॅथलिक चर्च आणि पपांचं हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे व्हरांडा असलेलं एक बैठं घरच. तिथे यायला डॉक्टर तयार होत नव्हते, पपा झाले. म्हणून वसईच्या केळीच्या वाडीतून उठून आम्ही थेट तिथे. दोन्ही बाजूंना उभे पिवळे कडे, त्यामुळे सकाळी ऊन उशिरा यायचं आणि आर्वोला, म्हणजे तिथल्या बोलीत दुपार कलल्यावर, बघता बघता निघून जायचं. खाणीचा भोंगा झाला की गावातले कुत्रे त्याच्याबरोबर रडायचे. कोळशाची गाडी गेली की आमच्या कपाटातल्या बश्या किणकिणायच्या आणि आई ‘हो हो, ऐकलं’ म्हणायची. दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची म्हणून ती सगळे कपडे उलटे करून वाळत घालायची, म्हणजे काळं बसलं तर आतून बसेल. ते मग दिवसभर आमच्या अंगाला लागायचं, ते मात्र तिला चालायचं.

रविवारी चर्चमधून, मासहून आलं की मटण आणि फुगे, म्हणजे आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांचे तळलेले गोल पाव. फुग्यांचं पीठ आदल्या रात्री भिजवलेलं असायचं, आणि तळताना तेलात एकेक फुगा स्वतःच्या मनाने उलटा झाला की आईचा चेहरा खुलायचा. बाटलीतला मसाला वसईहून कुणी येणारं असलं तरच यायचा, त्यामुळे ती तो औषधासारखा बेताने वापरायची. आज सिडनीत क्वेकर्स हिलच्या माझ्या घरातून निघालं की हॅरिस पार्कला जाऊन हवा तो मसाला उचलता येतो, वर दुकानदार ‘दीदी, और कुछ?’ म्हणून विचारतो. तेव्हा संपला की संपला. चर्चमधल्या बायका आईला ‘युअर फ्रॉक इज लव्हली’ म्हणायच्या, आई ‘थँक्यू, नो वरीज’ म्हणायची, आणि तिथे ते बोलणं संपायचं. मला ते बरंच वाटायचं. आईचं इंग्लिश जितकं कमी ऐकू येईल तितकं चांगलं. मी स्वतः घरात तिच्या मराठीला इंग्लिशमधून उत्तरं द्यायला लागले होते.

आमच्या घराखालून ओढा जायचा. ओढ्याच्या अलीकडे डॉट राहायची आणि पलीकडे आयलीन. दोघी नणंदा-भावजया, दोघी विधवा, आणि दोघींमध्ये कसल्याशा ड्रेसिंग टेबलावरून अबोला. तो कधी सुरू झाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण आर्वोला ऊन कड्यावर चढलं की दोघी आपापल्या अंगणात उभ्या राहून कोंबड्यांना, म्हणजे तिथल्या ‘चूक्स’ना, बोलवायच्या. इकडून ‘चूऽऽक, चूक, चूक’, लगेच तिकडून त्याहून वरच्या पट्टीत ‘चूऽऽक, चूक, चूक’. सगळी दरी दुमदुमायची. आई दोरीवरचे कपडे काढताना म्हणायची, ‘या बायका रोज एवढ्या मोठ्याने कुठली चूक कबूल करतायत गं?’ मी हसायचे नाही. मराठी विनोदाला हसायचं नाही, असं माझं तेव्हा ठरलेलं होतं.

मी इयर टेनला होते तेव्हा मिसेस प्रुइट आली. ती अमेरिकन. तिचा नवरा खाणीत नवी मशीन्स बसवायला आलेला आणि शाळेला इंग्लिशची टीचर हवी होती. अमेरिकेत अ‍ॅपलाचिया नावाचे जुने डोंगर आहेत, तिथल्या खाणीच्या गावात ती वाढलेली. उंच, हाडकुळी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की सगळा वर्ग पेन खाली ठेवून ऐकत बसायचा. घाई नाही. शब्द तोंडात घोळवून घोळवून बाहेर काढायची. आणि वाचायची काय, तर तिच्या डोंगरातल्या लघुकथा. कुणीतरी आपल्याच शेजाऱ्याची शवपेटी बनवतोय, ओसरीवर बसून बायका दोऱ्यात शेंगा ओवतायत, एक म्हातारा डोंगर विकायला तयार नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकांत सगळ्या गोष्टी लंडनमध्ये घडायच्या. कोळशाची काजळी, ओढा, चर्च, हट्टी म्हाताऱ्या, हे गोष्टीत घालायला चालतं, हे मला तिच्याकडून कळलं. मी तिच्यावर अक्षरशः जीव ओवाळून टाकला. तिची बॅग उचलायला मी पुढे, फळा पुसायला मी पुढे. ती मला ‘मिस लोपीस’ म्हणायची. सगळ्यांनाच ती आडनावाने हाक मारायची, पण माझ्या आडनावावर जरा जास्त रेंगाळते असं मला वाटायचं.

एक दिवस तिने जाहीर केलं, वर्ष संपायच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये आपण आपल्या दरीच्या गोष्टी वाचणार. सगळं गाव येईल. प्रत्येकाने आपापली गोष्ट वाचायची, पण एक गोष्ट ती निवडणार आणि ती तिच्या तोंडून, शेवटी वाचणार. झालं! मला दुसरं काही सुचेना. माझी गोष्ट तिच्या आवाजात ऐकायची, बस्स. जेवताना, आंघोळ करताना, मासमध्ये ‘आमेन’ म्हणतानासुद्धा माझ्या कानात तो आवाज माझी वाक्यं वाचायचा. माझ्या गोष्टीत खाण कोसळत होती, वारा घोंघावत होता आणि एक आंधळी म्हातारी कड्यावर उभी राहून शाप देत होती. आमच्या दरीत आंधळी म्हातारी एकही नव्हती आणि खाणीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण वाक्यं मोठी झोकदार होती.

बुधवारी आर्वोला शाळेच्या लायब्ररीत ती आमची वाचनं ऐकायची. गावातल्या बायकांनीही यावं असं तिने चर्चच्या दारावर लावलं होतं, कुणी फिरकत नव्हतं. एका बुधवारी धो धो पाऊस, म्हणून आई मला न्यायला छत्री घेऊन आली आणि मागच्या खुर्चीवर टेकली. मिसेस प्रुइटने तिला तिच्या डोंगरातल्या गोष्टींचे सायक्लोस्टाइल केलेले कागद दिले, जसे आम्हाला दिले होते तसेच. मला वाटलं, आई ते ड्रॉवरमध्ये अंथरेल. तर ती आठवडाभर डिक्शनरी घेऊन ते वाचत बसली, आणि पुढच्या बुधवारी पाऊस नसताना छत्री घेऊन हजर.

‘मिसेस प्रुइट, प्लीज, वन डाउट,’ आईने हात वर केला. ‘धिस गर्ल, शी लिव्ह अप द हॉलर. हाउ मेनी हॉलर?’

सगळा वर्ग माना वळवून बघायला लागला. आता हे समजावून सांगायला हवं. त्या डोंगरातले लोक ‘हॉलो’ला, म्हणजे दोन डोंगरांमधल्या घळीला, ‘हॉलर’ म्हणतात. ती मुलगी घळीच्या वरच्या टोकाला राहत होती, एवढंच. पण आईने डिक्शनरीत ‘हॉलर’ बघितलं. हॉलर म्हणजे ओरडणं, हाळी देणं. तिने समजून घेतलं की त्या मुलुखात अंतर हाळ्यांनी मोजतात. इथून एक हाळी, तिथून दोन हाळ्या. आणि तिला त्यात काही नवलही वाटलं नव्हतं, कारण वसईत ती तेच करत आलेली होती.

‘माय मदर हाउस, टू हॉलर,’ ती मिसेस प्रुइटला सांगत होती. ‘फर्स्ट हॉलर, अवर वेल. देअर माय आंटी. शी हॉलर टू माय मदर. लाइक धिस.’ आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून, त्या लायब्ररीत, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, माझ्या आईने हाळी दिली. ‘एऽऽ मॅऽऽगी!’

वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ताडकन उठले आणि माझ्या उत्तम ऑस्ट्रेलियन उच्चारात म्हणाले, ‘मम, इट्स हॉलो. इट जस्ट मीन्स अ व्हॅली.’ मला वाटलं, मिसेस प्रुइट माझ्याकडे बघून मान डोलावेल. तिने मला हाताने खाली बसवलं. बघत होती आईकडे.

‘से दॅट अगेन, हनी,’ ती म्हणाली.

हनी! आख्ख्या वर्षात मी मिस लोपीस, आणि ही बाई छत्री घेऊन आली आणि हनी झाली! मिसेस प्रुइट आईशेजारी जाऊन बसली. म्हणाली, माझ्या आजीच्या घराला जेवढ्या लोकांची हाक ऐकू यायची तेवढेच आमचे शेजारी. जन्मभर हा शब्द तोंडात आहे माझ्या, पण तो काय म्हणतोय ते आज ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या आंधळ्या म्हातारीच्या शापाला ते एकदाही आलं नव्हतं.

त्यानंतर ती आमच्या घरी यायला लागली. माझ्यासाठी येते असं मला पहिल्यांदा वाटलं, म्हणून मी केस विंचरून हॉलमध्ये जाऊन बसले. ती सरळ किचनमध्ये गेली. मी शाळेच्या बसने धक्के खात पोचायचे तेव्हा तिची गाडी आधीच दारात असायची. माझी टीचर माझ्या आधी माझ्या घरी! आत दोघी शेंगांच्या शिरा काढत बसलेल्या, नाहीतर मिसेस प्रुइट कोपरापर्यंत पिठाने माखून फुगे सोडायला शिकतेय. दोघींचं हसणं मला फाटकापासून ऐकू यायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईचं इंग्लिश कसलं, क्रियापदाला काळ नाही की वेळ नाही, ‘ही’चं ‘शी’ आणि ‘शी’चं ‘ही’. पण मिसेस प्रुइट तिला एकदाही दुरुस्त करायची नाही. माझ्या निबंधात स्वल्पविराम चुकला तरी लाल शाई! पपा जेवताना म्हणाले, ‘काय गं, तोंड का एवढंसं झालंय?’ मी म्हटलं, ‘नथिंग.’ पपा आईकडे बघून हसले. ‘जळकुकडी,’ म्हणाले.

एकदा मिसेस प्रुइट मला म्हणाली, तुझ्या आईने मला डॉट आणि आयलीनची गोष्ट हातवारे करून सांगितली. ती मराठीत सांगेल, तू इंग्लिशमध्ये लिहून आण. नाही कसं म्हणणार? आई इस्त्री करत सांगत होती आणि मी टेबलापाशी लिहीत होते. नावं बदललेली, पण गोष्ट तीच. दोन नणंदा-भावजया बोलत नाहीत, पण रोज कोंबड्यांना हाळी देतात. खरं तर कोंबड्या केव्हाच खुराड्यात गेलेल्या असतात. हाळी असते ती दुसरीला कळावं म्हणून, की मी आहे, अजून मेले नाही. एका आर्वोला पलीकडून हाळी येत नाही. अलीकडची दोनदा हाळी देते, तिसऱ्यांदा देते, आणि मग चपलांसकट ओढ्यात उतरते. जाऊन बघते तर पलीकडची पांघरूण घेऊन बसलेली, घसा बसलाय, आवाजच नाही. तरी दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. अलीकडची सूप करून ठेवते, आणि आवाज परत येईपर्यंत दोन्ही अंगणांतल्या कोंबड्यांना एकटीच हाळी देते, एकदा स्वतःच्या आवाजात आणि एकदा तिच्या.

मी पेन खाली ठेवलं. ही बाई रोज कपडे काढताना हे सगळं बघत होती? मीही त्याच घरात राहत होते की! मुद्दाम वाईट लिहावं असं मनात येऊन गेलं. पण माझ्या अक्षरातलं वाईट इंग्लिश मिसेस प्रुइटच्या हातात पडणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून मी जीव तोडून चांगलं लिहिलं. फक्त एका ठिकाणी भांडण झालं. दोघींची घरं ‘विदिन कॉलिंग डिस्टन्स’ होती असं मी लिहिलं होतं.

‘हॉलर कुठाय?’ आईने विचारलं.

‘मम, दॅट्स नॉट इव्हन अ थिंग.’

‘असू दे नसली तर. वन हॉलर लिही. मिसेस प्रुइटला कळतं.’

मिसेस प्रुइटला कळतं! मी दात आवळून ‘वन हॉलर अपार्ट’ लिहिलं.

आणि तिने तीच गोष्ट निवडली. मला एकटीला थांबवून सांगितलं, तेही किती मायेने. ‘तुझी वाक्यं फार सुरेख आहेत, मिस लोपीस. आणि बघ, या गोष्टीतलीही वाक्यं तुझीच आहेत.’ म्हणजे वाक्यं माझी, आवाज तिचा, आणि गोष्ट आईची. मी जे मागितलं होतं ते देवाने मला तंतोतंत दिलं होतं, फक्त पत्ता चुकवून.

हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पंखे गरगरत होते, टेबलावर लॅमिंग्टन केक आणि आईचे फुगे शेजारी शेजारी. माझी गोष्ट मधेच कुठेतरी आली. शापाच्या ऐन वाक्याला कुणीतरी खोकलं, आणि टाळ्या डॉक्टरांच्या मुलीला जेवढ्या पडायच्या तेवढ्या पडल्या. मग शेवटी मिसेस प्रुइट उभी राहिली आणि तिच्या त्या आवाजात वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला सगळ्या हॉलला कळलं कुणाची गोष्ट आहे ते. डॉट खिडकीपाशी बसलेली, आयलीन दाराशी. लोक एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. आई माझ्या शेजारी रुमालाला पीळ घालत होती, तिच्या आता लक्षात आलं होतं आपण काय करून बसलो ते. आणि मी? मी मनातल्या मनात आयलीनला म्हणत होते, ऊठ. ऊठ आणि तमाशा कर. एकदा तरी या बाईला कळू दे.

वाचन संपलं. आणि आयलीन खरंच उठली.

‘इट वॉज टॉन्सिल्स,’ ती म्हणाली. ‘घसा बसला नव्हता, टॉन्सिल्स होते.’

डॉट खिडकीबाहेर बघत मिसेस प्रुइटला म्हणाली, ‘तिला सांगा, सूपमध्ये मीठ कमी होतं असं ती दुकानात बोलली, ते मला कळलंय.’

हॉल फुटला नुसता. लोक बाकांवर हात आपटत होते, फादर डोळे पुसत होते. सगळ्यांनी आईभोवती गराडा घातला. जिला कुणी ‘लव्हली फ्रॉक’च्या पुढे काही विचारलं नव्हतं, तिला बायका विचारत होत्या, माझ्या सासूबद्दल लिहिशील का? आई तोंडावर हात ठेवून हसत होती आणि मिसेस प्रुइटचा हात तिच्या खांद्यावर होता. मी फुग्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि एकामागून एक फुगे खात सुटले.

मशीन्स बसवून झाली तशी प्रुइट मंडळी जायला निघाली. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती, कडे तापून पांढरे पडलेले. निघायच्या दिवशी ती आमच्याकडे आली. मला तिने एक पेन दिलं, हात मिळवला आणि म्हणाली, ‘कीप रायटिंग, मिस लोपीस.’ मग दोघी फाटकापाशी गेल्या. किती वेळ उभ्या होत्या! आईचा चेहरा तिच्या खांद्यात होता. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आई तिथेच, आणि मी व्हरांड्यात पेन मुठीत घट्ट धरून.

ती आत आली तशी मी फुटले. आणि कित्येक महिन्यांनी मराठीत फुटले, इंग्लिशमध्ये तेवढं भांडता येईना. ‘ती माझी टीचर होती! माझी! तू छत्री घेऊन आलीस आणि मध्ये घुसलीस! तुला काय गरज होती?’

मला वाटलं, आता थप्पड बसणार. आई खुर्चीवर बसली. डोळे लाल होते.

‘तुझी टीचर होती ना,’ ती म्हणाली. ‘शाळा उघडली की तुला दुसरी येईल. माझी ती मैत्रीण होती गं. या गावात आल्यापासूनची एकच.’

‘आणि मी? पपा?’

‘पपा दमून येतात आणि झोपतात. तुझ्याशी मी बोलते, तू यस मम, नो मम म्हणतेस आणि दार लावून घेतेस. तिला माझे दहा शब्द कळायचे. पण ते दहाही ती ऐकायची. आजीचं सांगितलं तिला. तुझ्या आधीच्या बाळाचं सांगितलं.’

‘कुठलं बाळ?’ मी म्हटलं.

आई उठून बाहेर दोरीवरचे कपडे काढायला गेली. मी दारात उभी होते. माझ्या आधी आमच्या घरात एक बाळ येऊन गेलं होतं, आणि ते मला नाही, त्या परक्या बाईला माहीत होतं, मोडक्यातोडक्या इंग्लिशमधून, शेंगांच्या शिरा काढता काढता. त्या आर्वोला मी पहिल्यांदा मिसेस प्रुइटवर जळले.